आपलाच पेपर आपणच तपासला तर?



माझी आत्या मध्यंतरी मुक्तिनाथची यात्रा करून आली. मुक्तिनाथ नेपाळमध्ये आहे, पार हिमालयाच्या कुशीत. पोखरा नावाच्या शहरातून छोट्या विमानात बसायचं, वीसेक मिनिटांत जोमसोमला उतरायचं आणि तिथून जीपनं वर जायचं, असा तिचा रस्ता. आत्यानं तोवर विमान पाहिलं होतं ते फक्त अंगणातून, मान वर करून. घरी आल्यावर देवळाचं वर्णन राहिलं बाजूला, विमानाचंच पुराण सुरू झालं!

"अगं, सामान तर मोजलंच, पण माझी पर्ससुद्धा काट्यावर ठेवायला लावली. आणि खिडकीतून बघते तर काय, डोंगर खाली नाहीतच! डोंगर बाजूला! हात लांब केला तर बर्फ लागेल असं वाटत होतं."

आत्या थापा मारत नव्हती बरं का. पोखरा ते जोमसोम जाणारं विमान डोंगरांवरून जात नाही, डोंगरांमधून जातं. एका बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. दुसऱ्या बाजूला धौलागिरी, ८,१६७ मीटर. मधे काली गंडकी नदीची खोल दरी, तीच विमानाची वाट. या मार्गावर ट्विन ऑटर जातीची विमानं उडतात. त्यांत जेमतेम एकोणीस माणसं बसतात. मोठ्या विमानात हवेचा दाब राखायची सोय असते, तशी यात नसते. त्यामुळे आठ हजार मीटरवरून जायचा प्रश्नच नाही. शिवाय दुपारकडे त्या दरीत असा वारा सुटतो की विमानं सकाळीच ये-जा उरकून घेतात.

ही हकिकत मी माझ्या चौथीच्या वर्गात सांगितली. मुलं खूश. पण मुलं म्हटली की पुढचा प्रश्न आलाच. एकानं विचारलं, "बाई, मग विमान डोंगराला धडकत नाही का?"

आता खोटं कसं सांगू? धडकलं आहे. २९ मे २०२२ ला याच मार्गावर, याच जातीचं एक विमान जोमसोमला पोचलंच नाही. आत बावीसजण होते. त्यांत चार भारतीय होते, आपल्या ठाण्याचे. कोणीच वाचलं नाही. पुढे चौकशी झाली. विमान ढगात शिरलं, ठरलेली वाट सुटली आणि डोंगर आडवा आला, असं त्यात निघालं. विमानात एक यंत्र असतं. जमीन किंवा डोंगर फार जवळ आला की ते मोठ्यानं ओरडून वैमानिकाला सावध करतं. ते यंत्र त्या वेळी बंद ठेवलेलं होतं.

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीखेरीज तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, यंत्र चालू आहे की बंद, हे बघायचं काम कुणाचं असतं?"

मुलांनो, मला त्या क्षणी धड उत्तर देता आलं नाही. "शोधून सांगते" म्हटलं. शोधायला लागले आणि जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. म्हणून हा लेख.

पण त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं, अगदी गाईगुरांपर्यंत.

नेपाळची राजधानी काठमांडू. तिथल्या विमानतळाच्या जागी पूर्वी गाईगुरं चरायची. त्या माळाचं नावच होतं गौचर. आपल्याकडे गायरान म्हणतात ना, अगदी तेच. त्या काळी काठमांडूला जायला मोटाररस्तासुद्धा नव्हता. राजघराण्यातल्या मंडळींना मोटारीची हौस असायची, तेव्हा हमाल ती अख्खी मोटार बांबूंवर बांधून, खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडायचे. म्हणजे मोटारीत माणूस नाही, माणसांवर मोटार! अशा त्या गायरानावर १९४९ साली भारताचे राजदूत सुरजितसिंग मजिठिया यांचं छोटं, एका इंजिनाचं बीचक्राफ्ट विमान उतरलं. काठमांडूच्या जमिनीला चाकं टेकवणारं ते पहिलं विमान. पुढच्याच वर्षी कोलकात्याहून डाकोटा विमान आलं. १९५५ साली राजे महेंद्र यांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे राजे त्रिभुवन यांच्या आठवणीसाठी त्याला त्रिभुवन विमानतळ हे नाव दिलं. हळूहळू गवत गेलं, काँक्रीट आलं, धावपट्टी लांब झाली. १९६७ साली तर जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीचं बोइंग ७०७ हे जेट विमान तिथं उतरलं.

काठमांडू समुद्रसपाटीपासून साधारण १,३४० मीटर उंच आहे, जवळजवळ आपल्या महाबळेश्वराइतकं. पण महाबळेश्वर डोंगराच्या माथ्यावर, तर काठमांडू वाडग्याच्या तळाशी. चहूकडून डोंगर. विमानाला या वाडग्यात कडेवरून आत शिरून नेमकं तळाशी उतरायचं असतं. एकदम सूर मारता येत नाही. विमानतळाजवळच्या रेडिओ यंत्रावरून वैमानिकाला आपण किती अंतरावर आहोत ते कळतं. त्या अंतराप्रमाणे ठरलेलं असतं की इथं इतक्या उंचीच्या खाली यायचं नाही, थोडं पुढं गेल्यावर एवढं खाली, आणखी पुढं गेल्यावर आणखी खाली. जिनाच म्हणा ना! १९९२ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानच्या एका मोठ्या विमानानं या जिन्याची एक पायरी आधीच गाळली आणि ते डोंगरावर आदळलं. १६७ माणसं गेली. त्याच्या आधी दोनच महिन्यांपूर्वी थायलंडचं विमान तिथंच उत्तरेकडच्या डोंगरात शिरलं होतं. त्यात ११३ जण गेले. तेव्हा काठमांडूला रडार नव्हतं. विमान कुठं आहे हे खाली बसलेल्या माणसाला वैमानिक सांगेल तेवढंच कळे. त्यानंतर जपानच्या मदतीनं तिथं रडार बसलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

प्रत्येक देशात विमानांवर नजर ठेवणारं एक सरकारी खातं असतं. नेपाळमध्ये त्याचं नाव आहे नेपाल नागरिक उड्डयन प्राधिकरण. 'उड्डयन' म्हणजे उड्डाण. त्याचा कायदा १९९६ सालचा आणि प्राधिकरण सुरू झालं ३१ डिसेंबर १९९८ ला. वैमानिकाला परवाना कोण देतं? हे प्राधिकरण. त्याचे डोळे, कान, रक्तदाब ठीक आहेत का याची तपासणी झाली की नाही हे कोण बघतं? हेच. विमान उडण्याच्या लायकीचं आहे का, कंपनी आपल्या वैमानिकांना नीट शिकवते का, ढग असताना उडायचं की नाही याचे नियम कोणते, ते पाळले नाहीत तर शिक्षा काय? सगळं यांच्याकडेच. म्हणजे ते ओरडणारं यंत्र चालू आहे ना, हे बघायचं कामही यांचंच.

झालं, उत्तर मिळालं! असं वाटलं होतं खरं. पण पुढं वाचत गेले आणि अडखळले.

कारण नेपाळमधले विमानतळ कोण चालवतं? तेही हेच प्राधिकरण. धावपट्टी दुरुस्त ठेवायची, दिवे लावायचे, मनोऱ्यात बसून विमानांना रस्ता सांगायचा, अग्निशामक बंब तयार ठेवायचा, कुत्री-गुरं-पक्षी हाकलायचे, हे सगळं यांचं. विमान उतरलं की उतरण्याचं भाडं, उभं राहिलं की उभं राहण्याचं भाडं, प्रवाशाकडून सेवाशुल्क, तेही यांच्याच तिजोरीत. काठमांडूचा विमानतळ यांचा. लुंबिनीजवळ भैरहवा इथं मे २०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेला उघडलेला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ यांचा. १ जानेवारी २०२३ ला उघडलेला पोखराचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळही यांचा. हा शेवटचा तर चीनकडून घेतलेल्या कर्जावर बांधलाय. ते कर्ज थोडंथोडकं नाही, २१ कोटी डॉलरच्या वर! कर्ज फेडायचं म्हणजे विमानं यायला हवीत, भाडं मिळायला हवं. आणि हा विमानतळ सगळ्या नियमांत बसतो की नाही हे ठरवायचं कुणी? पुन्हा यांनीच.

दुकानदारच वजनकाटा तपासणारा साहेब असावा, तसंच काहीसं.

इथं मला माझीच एक गोष्ट आठवली. सांगू की नको असा विचार करत होते, कारण तिच्यात माझी थोडी फजिती आहे. पण सांगतेच.

आठ वर्षं मी माझ्या वर्गाचे पेपर स्वतःच तपासत होते. मीच शिकवायचं, मीच प्रश्न काढायचे, मीच गुण द्यायचे. निकाल नेहमी झकास. मी कधी कुणाला खोटे गुण दिले नाहीत, हे शपथेवर सांगते. मग एका वर्षी आसपासच्या शाळांतल्या आम्ही शिक्षकांनी ठरवलं, या खेपेला पेपर अदलाबदल करून तपासू. माझ्या वर्गाचा मराठीचा गठ्ठा शेजारच्या गावच्या सरांकडे गेला. परत आला तेव्हा लाल शाईनं माखलेला! पत्रलेखनाच्या प्रश्नात बावीस मुलांनी 'आशिर्वाद' असं लिहिलं होतं. सरांनी बावीसही ठिकाणी गोल केला होता. बरोबर शब्द 'आशीर्वाद'. शि दीर्घ हवा. आणि मुलांनी तो ऱ्हस्व का लिहिला? कारण मी फळ्यावर तसाच लिहीत होते. आठ वर्षं!

मी चोर नव्हते, आळशीही नव्हते. पण जी चूक माझ्याच हातातून निघत होती, ती माझ्याच डोळ्यांना कशी दिसणार?

नेपाळच्या प्राधिकरणात सगळे वाईट लोक बसलेत, असं म्हणूनच मी म्हणणार नाही. उलट किती कठीण ठिकाणी ते विमानतळ चालवतात ते पाहिलं की मान डोलवावीशी वाटते. लुक्लाचंच बघा ना. एव्हरेस्टकडे जाणारे गिर्यारोहक इथं उतरतात. १९६४ साली सर एडमंड हिलरी यांनी शेर्पा लोकांच्या मदतीनं ही धावपट्टी तयार केली. हो, तेच हिलरी, जे तेनझिंग नोर्गे यांच्याबरोबर पहिल्यांदा एव्हरेस्टवर पोचले. डोंगरउतारावरची बटाट्याची आणि कुरणाची जमीन. माती भुसभुशीत. ती दाबायला रोलर कुठून आणणार? मग हिलरींनी शेर्पांना जमवलं आणि त्यांचा पाय आपटून करायचा नाच करायला सांगितलं. माणसं ओळीनं हातात हात घालून नाचली आणि धावपट्टी घट्ट झाली. ही गोष्ट स्वतः हिलरी सांगत असत. आमच्या शाळेच्या पटांगणात पावसाळ्यानंतर असाच नाच ठेवावा असं माझ्या मनात आहे!

लुक्लाची धावपट्टी फक्त ५२७ मीटर लांब आहे. मुंबईची मोठी धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, म्हणजे हिच्या सहापट. त्यातून लुक्लाची सपाट नाही, चढाची आहे. एका टोकापेक्षा दुसरं टोक साठ मीटरनी वर. वीस मजली इमारतीएवढा फरक! खालच्या टोकाला खोल दरी, वरच्या टोकाला डोंगराची भिंत. विमान चढावर उतरतं, म्हणजे चढच त्याला ब्रेक लावतो. उडताना उतारावरून धावत सुटायचं, म्हणजे उतारच त्याला वेग देतो. एकदा उतरायला लागलं की "नको, पुन्हा फेरी मारून येऊ" अशी सोय नाही, कारण समोर डोंगर. उंची कळसूबाईपेक्षाही हजार-बाराशे मीटर जास्त, हवा विरळ, ढग क्षणात येतात. हिलरी ११ जानेवारी २००८ ला वारले, त्यानंतर या विमानतळाला तेनझिंग-हिलरी असं नाव दिलं गेलं. अशा ठिकाणी मनोऱ्यात बसून "ये" किंवा "येऊ नको" म्हणणारा माणूस प्राधिकरणाचा असतो. तिकडे काठमांडूत विमानं खोळंबलेली, प्रवासी तिकिटं हातात घेऊन बसलेले, कंपन्यांचे फोन. त्या माणसाला "आज नाही" म्हणता आलं पाहिजे. आणि तो म्हणतो की नाही, हे बघणारं दुसरं कुणीतरी असलं पाहिजे.

चूक किती छोटी असू शकते ते पोखराच्या अपघातात दिसलं. नवा विमानतळ उघडून दोन आठवडेच झाले होते. १५ जानेवारी २०२३ ला काठमांडूहून आलेलं एटीआर-७२ विमान उतरता उतरता कोसळलं. सगळेच्या सगळे ७२ जण गेले. चौकशीत काय निघालं? उतरताना पंखांचे मागचे फ्लॅप खाली करायचे असतात, त्यासाठी एक दांडा असतो. त्याच्या शेजारीच इंजिनांच्या पंख्यांचे दोन दांडे. वैमानिकाच्या हातून फ्लॅपच्या दांड्याऐवजी हे दोन दांडे मागे ओढले गेले. त्यामुळे दोन्ही पंख्यांची पाती आडवी झाली. नावेचं वल्हं पाण्यात सुरीसारखं फिरवलं तर पाणी कापलं जातं, पण नाव पुढं जात नाही. तसंच झालं. इंजिनं फिरत होती, पण विमानाला जोर मिळेना. वैमानिक नवखे नव्हते. पण नव्या विमानतळावर उतरायचा सराव, कामाचा ताण, ठरलेल्या पायऱ्या मोठ्यानं म्हणत तपासण्याची सवय, या सगळ्यांत उणीव राहिली, असं चौकशी करणाऱ्यांनी म्हटलं. अशी उणीव अपघाताच्या दिवशी तयार होत नाही. ती आधीपासून असते. वेळेवर पकडली तर पकडली.

हे बाहेरच्या देशांच्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं, आणि बरंच आधी. सगळ्या देशांची मिळून नागरी विमानांसाठी एक संस्था आहे, तिला आयकाओ म्हणतात. १९४४ साली शिकागोला झालेल्या करारातून ती निघाली, कचेरी कॅनडात माँट्रियलला. ती देशांच्या विमानखात्यांचीच परीक्षा घेते. म्हणजे परीक्षकाची परीक्षा! २०१३ साली या परीक्षेत नेपाळवर गंभीर शेरा बसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युरोपीय संघानं नेपाळच्या एकूण एक विमान कंपन्यांना युरोपात यायला बंदी केली. आयकाओनं आपला शेरा २०१७ च्या जुलैत काढून घेतला. युरोपनं मात्र बंदी उठवली नाही. २०२५ च्या जूनमध्ये यादी पुन्हा निघाली, तेव्हाही नेपाळच्या कंपन्या तिच्यात होत्याच. नेपाळच्या सरकारी कंपनीनं २०१८ साली दोन भलीमोठी एअरबस विमानं विकत घेतली. ती युरोपापर्यंत सहज उडू शकतात, पण तिथं उतरू शकत नाहीत!

युरोप आणि आयकाओ या दोघांनीही सुचवलेली एक गोष्ट म्हणजे प्राधिकरणाचे दोन तुकडे करा. एक नियम करणारं आणि तपासणारं, दुसरं विमानतळ चालवणारं. प्राधिकरणाचं उत्तर असं की आम्ही आतल्या आत दोन विभाग वेगळे केले आहेत. केलेही आहेत. पण दोन्ही विभागांच्या वर बसणारे महासंचालक एकच! दोन तुकडे करायची विधेयकं तयार झाली, संसदेपर्यंत गेली, सरकारं बदलली, विधेयकं अडकली. मला विचाराल तर वेगळं होणं सोपंही नाही. घरात दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा काय होतं ठाऊक आहे ना? शेत कुणाकडे, गाय कुणाकडे, आणि मुख्य म्हणजे कर्ज कुणाकडे? इथंही प्रश्न तेच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडे काय? आपल्याकडेही एके काळी हाच मामला होता. नियम करणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला डीजीसीए म्हणतात, त्याच्याच खात्याकडे विमानतळही होते. १९७२ साली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई हे चार आंतरराष्ट्रीय विमानतळ एका नव्या प्राधिकरणाकडे दिले. १९८६ साली देशातल्या बाकीच्या विमानतळांसाठी दुसरं प्राधिकरण झालं. १ एप्रिल १९९५ ला ही दोन्ही एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. अपघाताची चौकशी मात्र पुष्कळ वर्षं डीजीसीएकडेच होती. २०१० साली मंगळूरला मोठा अपघात झाला. त्यानंतर २०१२ साली चौकशीसाठी वेगळा ब्यूरो निघाला. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं, तेव्हा चौकशी या ब्यूरोकडेच गेली.

म्हणजे वेगळं केलं की अपघात बंद, असं मुळीच नाही. आणि आपण फार हुशार, असंही नाही. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेनं आपल्या डीजीसीएला नापास करून खालच्या श्रेणीत टाकलं होतं. मुख्य कारणांपैकी एक होतं तपासणारे निरीक्षक कमी. नोकरभरती केली, त्रुटी भरून काढल्या, मग २०१५ च्या एप्रिलमध्ये वरची श्रेणी परत मिळाली. पेपर दुसऱ्याकडे दिला म्हणून भागत नाही, त्या दुसऱ्याकडे पेपर तपासायला माणसं आणि वेळ हवा!

नवी मुंबईचा नवा विमानतळ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. पण त्याच्या आठवडाभर आधी, ३० सप्टेंबरला, डीजीसीएनं त्याला परवाना दिला होता. तो नसता तर मंडप, हारतुरे, पाहुणे सगळं असूनही प्रवासी घेऊन एकही विमान सुटू शकलं नसतं. बांधणारे, चालवणारे वेगळे आणि परवाना देणारे वेगळे. पाकिस्तानातही नेपाळसारखंच एकच प्राधिकरण दोन्ही कामं करत होतं. तिथं २०२३ साली कायदे करून विमानतळांचं काम वेगळं काढलं. दोन शेजाऱ्यांनी केलं, आता तिसरा कधी करतो बघायचं.

तोवर काठमांडूचं रोजचं काम चालूच आहे. तिथं धावपट्टी एकच. ४ मार्च २०१५ ला धुक्यात तुर्कस्तानचं एक विमान उतरताना घसरून गवतात गेलं. प्रवासी सगळे सुखरूप, पण विमान असं आडवं पडलं की चार दिवस मोठी विमानं बंद! ते हलवायला भारतातून हवाई दलाच्या विमानानं अवजारं न्यावी लागली. सात आठवड्यांनी, २५ एप्रिलला, भूकंप झाला. त्याच एका धावपट्टीवर देशोदेशींची मदतीची विमानं उतरायला लागली. औषधं, तंबू, डॉक्टर सगळं तिथूनच आलं. शेवटी तिला भार सोसेना, तेव्हा फार जड विमानांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं. एवढी मदत ओढवून घेणं सोपं नाही, आणि अशा वेळी "नको" म्हणणं त्याहून अवघड. ते त्यांनी म्हटलं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पंधरा दिवस लागले बघ. तिनं थोडा विचार केला आणि फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, मग तुमचा फळा कोण तपासतं?"

तेव्हापासून दर शनिवारी दोन मुलं शब्दकोश घेऊन माझा फळा तपासतात. गेल्या शनिवारी मी 'उज्वल' लिहिलं होतं. 'उज्ज्वल' हवं होतं. लाल खडूनं गोल केला होता, आणि गोल काढणारी कोण असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

आत्या पुढच्या वर्षी पशुपतिनाथला जायचं म्हणतेय. ते मंदिर काठमांडूच्या विमानतळाला अगदी लागूनच आहे. तिला मी सांगितलंय, खिडकीजवळची जागा माग, जिन्याच्या पायऱ्या मोज आणि आलीस की आधी आमच्या वर्गात ये.